ऑफ केलं की चालू!

अहो, ऐकलंत का? नाही, तुम्ही कुठून ऐकणार, तुम्ही नाशिकला लग्नात होतात. या, जरा इकडे या. त्या बाजूने नको हो, तिथे जास्वंदीच्या मोडक्या फांद्या आहेत अजून, साडीत अडकतील. त्या फांद्यांचंच तर सांगायचंय.

समोरच्या आजोबांची बीएसए मोटारसायकल. आता तिच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगू! दर रविवारी सकाळी तिच्या धडधडीने आपल्या मांडणीतली भांडी वाजतात. आजोबांच्या वडिलांनी घेतलेली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर खडकीला लष्कराचा डिस्पोजलचा माल निघाला, त्यातली. एम-ट्वेंटी म्हणे, पाचशे सीसी. लढाईत बीएसए कंपनीने फौजेला तसल्या सव्वा लाख गाड्या दिल्या, हे आजोबांनी मलाच निदान दहा वेळा ऐकवलंय. पण एक गोष्ट मला परवापर्यंत माहीत नव्हती. त्या गाडीला किल्लीच नाही! अहो खरंच. आपल्या स्कूटीला दोन-दोन किल्ल्या, आणि ह्या लोखंडाच्या धुडाला एकही नाही. ज्याला किक मारता येईल त्याने खुशाल न्यावी.

मग बंद कशी करायची? तर हँडलला डावीकडे एक छोटा दांडा असतो, व्हॉल्व्ह लिफ्टर. तो दाबला की इंजिनातली हवा सुटते आणि गाडी फुस्स होऊन थांबते. पण त्याची केबल कधीच तुटलेली, आणि आजोबांनी ती बदलली नाही. का, तर ‘ओरिजिनल मिळत नाही’. त्यामुळे अॅक्सिलरेटर पार मिटायचा आणि गाडी आपोआप मरायची वाट बघायची, असा सगळा कारभार. सूनबाई कितीदा म्हणाल्या, बाबा, हे बरं नव्हे. पण सुनेचं ऐकायचं म्हणजे…

तर काय सांगत होते, हां. त्या रविवारी आजोबांनी गाडी काढली, पहिला गिअर टाकला, आणि अॅक्सिलरेटर अडकला. केबलची एक बारीक तार तुटून आतल्या आत रुतली होती, हे मागून कळलं. मी तुळशीला पाणी घालत होते. गाडी रस्ता ओलांडून सरळ आपल्या जास्वंदीत! नशीब, आजोबांनी क्लच दाबून धरला. पुढचं चाक झाडात, आजोबा गाडीवर, आणि इंजिन असं किंचाळतंय की वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं.

मग काय, सगळी गल्ली बाहेर. कोपऱ्यावरचे अण्णा बनियनवरच धावले. "बॅटरी काढा, बॅटरी काढा!" आणि स्वतःच हात घालून बॅटरीची तार उपसली. अहो, दिवा गेला आणि इंजिन तसंच चालू! अण्णांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. चाळीस वर्षं बुलेट चालवणारा माणूस, हातात तुटकी तार घेऊन उभा. शेवटी दूधवाल्याने पेट्रोलचा नळ बंद केला. तरी कार्बोरेटरच्या वाटीत होतं नव्हतं तेवढं पेट्रोल संपेपर्यंत ती बया ओरडतच होती. मग थांबली. आजोबा उतरले, मला म्हणाले, "सॉरी हं, झाड जुनं होतं का?" जसं काही झाडाचंच चुकलं!

संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक. मी साखर मागायला गेले होते, त्यामुळे ऐकलं. लेक म्हणाली, विकून टाका. आजी म्हणाल्या, गाडी विकायची नाही, पण ह्यांना बसू द्यायचं नाही. आजोबा गप्प. तेवढ्यात अण्णा आले आणि म्हणाले, "किल स्विच बसवू. माझ्या भाच्याने माझ्या बुलेटला बसवलाय. अंगठ्याने दाबला की खेळ खलास."

आता अण्णांच्या बुलेटचं आधी सांगते, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. ती साठच्या दशकातली, सहा व्होल्टवाली. हेडलाइटच्या वर किल्ली, शेजारी तो अँपिअर मीटर. किक मारायच्या आधी त्या मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत अण्णा डीकॉम्प्रेसर दाबून पाय हलवत बसतात. मला वाटायचं पूजाच चाललीय. तर भाच्याने तिला नव्या गाड्यांना असतो तसला लाल खटका लावला. किल्लीकडून कॉइलकडे जाणारी तार मधे कापायची आणि खटका त्यात घालायचा. खटका बंद, तार तुटली, कॉइलला करंट नाही, ठिणगी नाही, गाडी बंद. पहिला खटका स्वस्तातला निघाला. आधीच सहा व्होल्ट, त्यातला घास खटक्यानेच खाल्ला, ठिणगी लुळी पडली, अण्णांनी चार दिवस ढकलस्टार्ट केली. मग चांगला खटका आणला आणि झकास चालायला लागलं. झालं! भाचा इंजिनीअर. कॉलर ताठ. गल्लीत चालणं बदललं हो मुलाचं.

आजोबांच्या गाडीला खटका लावायचं ठरलं तर तिकडे वेगळंच रामायण. त्यांचे ते जुन्या गाड्यांचे मित्र आहेत ना, सगळे पांढऱ्या मिशांचे, ते जमले. एक म्हणतो, हँडलला भोक पाडलं तर तुझ्या-माझ्यात बोलणं बंद. दुसरा म्हणतो, सरकारचा नियम आहे. आणि हे खरं निघालं बरं का. आमच्या ह्यांनी काढून दाखवलं. 2021 साली केंद्राने नियम केला, पन्नास वर्षांवरची गाडी म्हणजे व्हिंटेज, नव्या रजिस्ट्रेशनला वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन ह्यात मोठी उलथापालथ केलेली चालणार नाही. आता एवढासा खटका म्हणजे उलथापालथ का? ह्यावर दोन तास वाद, तीन वेळा चहा. चहा कोणी केला ते विचारू नका, सूनबाईंचं तोंड एवढंसं झालं होतं. शेवटी ठरलं, भोक पाडायचं नाही, पट्टीने आवळायचा.

शनिवारी संध्याकाळी भाचा हत्यारं घेऊन हजर. आणि नेमके त्याच दिवशी जावईबापू आलेले, हिंजवडीचे. पांढरा शर्ट. मी म्हटलं, ह्या पोराने काहीतरी करून ठेवलं नाही तर नावाची नाही.

मॅग्नेटोतून एक तार काढली, खटक्यात घातली, खटक्यातून दुसरी तार काढून गाडीच्या अंगाला लावली. बुलेटसारखाच खटका, ‘रन’ आणि ‘ऑफ’ लिहिलेला. "आजोबा, रनवर ठेवलाय, मारा किक." आजोबांनी मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. अण्णा म्हणाले, "मी मारतो." अण्णांनी मारली. मग मिशांपैकी एकाने मारली. पेट्रोलचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात! जावईबापू खुर्चीतून म्हणाले, "बॅटरी डाउन असेल." मिशांनी सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. अहो, तसं कोणी माझ्या जावयाकडे पाहिलं असतं तर मी…

तर काय सांगत होते, भाचा घामाघूम. दिवस मावळला. "जाऊ दे आजोबा, उद्या बघतो," म्हणाला आणि शिस्तीचा मुलगा, जाता जाता खटका ‘ऑफ’ करून ठेवला. आजोबांना राग आवरेना. त्यांनी त्या रागात एक शेवटची किक घातली.

आणि गाडी चालू!

धडधडधडधड! सगळे हसले, टाळ्या. मिशांनी एकमेकांचे हात धरले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की आता बंद करून दाखवायची. भाच्याने खटक्याकडे पाहिलं. खटका ऑफवर. गाडी चालू. त्याचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मला सांगताही येत नाही. "ऑफच आहे! ऑफच आहे!" एवढंच म्हणत होता. अण्णा म्हणाले, "मग परत ऑफ कर!" अहो, ऑफ असलेलं परत ऑफ कसं करणार? रनवर ढकलून बघावं हे एकालाही सुचलं नाही. सात पुरुष होते तिथे, मोजले मी.

आणि मग जावईबापू उठले. ऐका आता. त्यांना वाटलं, प्लगची टोपी ओढून काढली की काम झालं. कोणी थांबवायच्या आत हात घातला. मॅग्नेटोचा झटका म्हणजे काय असतो ते त्यांना त्या दिवशी कळलं. "आई गं!" करून मागच्या मागे कुंडीत बसले. पांढरा शर्ट, ओली माती. फार लागलं नाही, पण लेकीने बापाकडे जे पाहिलं ना! आजोबांनी मुकाट्याने वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला, गाडीने एक धक्का दिला आणि गप्प झाली. आजी दारातून एवढंच म्हणाल्या, "झाला का कार्यक्रम?"

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून मेकॅनिक वस्तादांना बोलावलं. सत्तरीचे आहेत, पण हात काय! त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही, पाणी मागितलं. मग भाच्याला शेजारी बसवून विचारलं, "बाळा, ह्या गाडीला करंट कोण देतं?" भाचा म्हणाला, बॅटरी. वस्तादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बॅटरी तर दिव्याला आहे. इंजिनला मॅग्नेटो. त्याच्या आत लोहचुंबक आहे, गुंडाळी फिरते, स्वतःचा करंट स्वतः बनवतो. म्हणून त्या दिवशी अण्णासाहेबांनी तार उपसली तरी तिला फरक पडला नाही." अण्णा लगेच आभाळाकडे बघायला लागले.

आणि मग वस्तादांनी असं छान समजावलं की मलासुद्धा कळलं. म्हणाले, बुलेट म्हणजे कॉर्पोरेशनचं पाणी, चावी फिरवली की आलंच नाही, संपलं. मॅग्नेटो म्हणजे घरच्या विहिरीतला झरा, तो बंद होत नाही. त्याला दुसरीकडे वाट काढून द्यायची, मोरीत सोडून द्यायचा. म्हणजे काय, तर मॅग्नेटोच्या पॉइंटची तार गाडीच्या अंगाला टेकवायची, अर्थ करायची. मग पॉइंट उघडले काय न उघडले काय, करंट आपला गुपचूप अर्थात जातो आणि ठिणगी पडत नाही. "बुलेटला तोडायचं, हिला जोडायचं." भाच्याने लावलेला खटका बुलेटच्या जातीचा. रनवर तो आतून जोडलेला, ऑफवर तुटलेला. म्हणून रनवर ठेवला की ठिणगी मोरीत, आणि ऑफ केला की गाडी मोकळी! म्हणजे पोराची तार बरोबर, जागा बरोबर, फक्त खटका उलटा. सगळे आधी गप्प, मग आजोबाच पहिल्यांदा हसले. भाचा हसला नाही.

वर म्हणतो कसा, "वस्ताद, मग रिले टाकू का? बॅटरीवरून सप्लाय देऊन…" वस्ताद उभेच राहिले. "बॅटरीचा करंट चुकून मॅग्नेटोत शिरला तर चुंबकाची ताकद जाईल. मग कर सारवासारव!" त्यानंतर भाचा फक्त पाने देत होता. पाने म्हणजे हत्यारातले हो, विड्याचे नव्हेत.

वस्तादांनी आधी काय केलं माहितीये? अॅक्सिलरेटरची केबल नवी घातली. मग व्हॉल्व्ह लिफ्टरची. आपल्या पिशवीतून काढली, कापली, शिसं ओतून टोकाची गुंडी केली, बसवली. अर्धा तास. ‘ओरिजिनल मिळत नाही’ म्हणून जे इतकी वर्षं अडलं होतं ते! मला विचाराल तर निम्मी भानगड तिथेच मिटली होती, खटक्याचं काही नडलं नव्हतं. पण एवढी माणसं जमवून बटण लावलं नाही तर शोभा काय राहणार?

बटण मात्र सुरेख आणलं. रविवारच्या जुन्या बाजारात मिळालं म्हणाले, पितळी, काळ्या गुंडीचं, पट्टीने हँडलला आवळायचं. अगदी जुन्या हॉर्नच्या बटणासारखं. मिशांनी ते हातात घेऊन, फुंकर मारून, चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि पास केलं. मॅग्नेटोच्या पॉइंटवर एक टोपण असतं, त्याच्या मधोमध कार्बनचा इवलासा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला, तो आतल्या स्क्रूला टेकतो. तिथून तार वर बटणाला. आणि बटणातून दुसरी तार खाली, थेट इंजिनच्या बोल्टला. भाचा म्हणाला, हँडल लोखंडीच आहे की, तिथेच अर्थ मिळेल. वस्ताद म्हणाले, "हँडलला रंग, खाली ग्रीस, त्यात गोळ्या. तिथला अर्थ आज मिळेल, उद्या नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी हमखास नाही."

सूनबाईंनी शहाणा प्रश्न विचारला हं. म्हणाल्या, तार तुटली तर? वस्ताद म्हणाले, अण्णासाहेबांची बुलेट भर रस्त्यात बंद पडेल, आणि तुमची बटणाने बंदच होणार नाही. तुमची तार सोलली जाऊन चासीला टेकली तर मात्र चालूच होणार नाही. म्हणून तारेला नीट नळी घातली, फ्रेमला बांधली. आणि बटण झटकन सोडायचं नाही, इंजिन पुरतं थांबेपर्यंत दाबून ठेवायचं, हे आजोबांना दोनदा सांगितलं. ट्रायल झाली. बटण दाबलं, गाडी गप्प. सोडलं, किक मारली, चालू. टाळ्या. ह्या वेळी जावईबापू नव्हते, लेकीनेच येऊ दिलं नाही म्हणे.

इथे संपलं असं तुम्हाला वाटलं ना? अहो, खरी गोष्ट पुढेच आहे. पण हे आपल्या दोघींत हं. आमच्या ह्यांनासुद्धा मी बोललेले नाही.

आजींचं तुम्हाला माहीतच आहे, गाडीवर मागे बसतात पण भीतीने अर्ध्या होतात. ती गाडी इंग्रजी, काटा मैलांचा. आजोबा म्हणतात तीस, आजींना वाटतं तीसच तर आहे, आणि प्रत्यक्षात झाली जवळजवळ पन्नास! म्हात्रे पुलावर तर त्यांना अंगात वारं शिरतं. आजी ओरडतात, हळू, हळू. पण त्या धडधडीत ऐकू कोणाला येतंय. आणि कानातलं मशीन आजोबा गाडीवर बसताना काढून खिशात ठेवतात. मुद्दाम. मला पक्कं ठाऊक आहे, मुद्दाम.

तर त्या दिवशी आजोबा मिशांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले, आणि आजी हळूच वस्तादांजवळ आल्या. मी इथेच होते, फांद्या उचलत. आजींनी विचारलं, "हो वस्ताद, असं बटण एकच लावता येतं का?" वस्ताद म्हणाले, "नाही आजी, मॅग्नेटोला कितीही लावा. कुठलंही एक दाबलं की तार टेकली, ठिणगी गेली." आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. वस्तादांनी आजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी फांदी उचलली.

गुरुवारी आजोबा डोळे तपासायला गेले, सूनबाई बरोबर. वस्ताद आले, वीस मिनिटांत गेले. मागच्या सीटखाली, उजव्या हाताला, स्प्रिंगच्या आड. बघायला गेलात तर दिसायचं नाही, बोट मात्र बरोबर पोचतं.

आता काय होतं, की काटा पंचविसाच्या पुढे सरकला की बीएसए फुट्ट… फुट्ट… करते, दम खाते. आजोबा घाबरून वेग कमी करतात, की लगेच गाडी घड्याळागत चालायला लागते. एकटे गेले की काही नाही, डबलसीट गेले की हटकून. आजोबांनी मिशांची सभा बोलावली. परवा अंगणातच बसले होते सगळे, मी पापड वाळत घालत होते. तासभर खल झाला आणि एकमताने निदान ठरलं, मॅग्नेटोतला कंडेन्सर गेलाय, ओझं वाढलं की मॅग्नेटो गरम होतो आणि कंडेन्सर मान टाकतो. एकजण तर म्हणाला, माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं, हुबेहूब! आजी चकल्यांची ताटली घेऊन आल्या, "कंडेन्सर म्हणजे महाग असेल ना हो?" असं विचारलं आणि आत गेल्या. काय धीर आहे बाईचा.

पण पंचाईत झाली वस्तादांची. कंडेन्सर आत गुंडाळीतच बसवलेला, म्हणजे सगळा मॅग्नेटो उतरवून खोलायचा. आजोबा म्हणतात, खर्चाची काळजी करू नका. आता चांगल्या मॅग्नेटोला कसा खोलायचा? आणि नाही म्हणायचं तर काय सांगून? शेवटी वस्ताद म्हणाले, "साहेब, जुना माल आहे, उघडला तर बिघडेल. पंचविसाच्या आत चालवा, वर्षानुवर्षं टिकेल." आजोबांनी ते अक्षरशः ऐकलं! डॉक्टरचं ऐकलं नाही, सुनेचं ऐकलं नाही, वस्तादांचं ऐकलं. रविवारी आजींना घेऊन चतुःशृंगीला जाऊन आले, एकदाही फुट्ट नाही. अण्णांना सांगत होते, "पंचविसाला गाडी काय स्मूथ चालते अण्णा, तुम्हीसुद्धा बघा."

अण्णांच्या बायको मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण आजींकडे नीट बघत होत्या. आणि काल दुपारी, सगळे झोपलेले असताना, ह्याच कुंपणाशी आल्या. इकडचं-तिकडचं बोलल्या, जास्वंदीला पालवी फुटली का विचारलं, आणि मग एकदम खालच्या आवाजात, "अहो, त्या वस्तादांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मी दिला. पण म्हटलं, बुलेट आहे म्हणून आधीच सांगा हं त्यांना. तुमच्याकडे तोडायचं बटण लागेल.